किल्ल्यावरील बंदिवास

जुन्या कागदांचा नाद असलेल्या आमच्या मित्रांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक आहे. रुमाल सोडला म्हणजे हात प्रथम मोठ्या नांवांकडे जातो. श्रीमंतांचा शिक्का, नानांचें अक्षर, शिंदे-होळकरांची मसलत हे कागद वेगळे निघतात. सनदा व महजर दुसऱ्या बाजूस पडतात. आणि किल्ल्याच्या कोठीचे हिशेब, शिध्याच्या याद्या, बेड्यांच्या लोखंडाचा खर्च, पहाऱ्याची हजिरी असला जो गाळ उरतो तो पुन्हा फडक्यांत बांधून माळ्यावर टाकला जातो. आम्हींहि उमेदीच्या वर्षांत हेंच केलें आहे, म्हणून दोष कोणास देत नाहीं. सुमारें तीस वर्षांमागें घाटमाथ्यावरील एका घराण्यांत असा एक रुमाल आम्हांस दाखविण्यांत आला. आम्हीं त्यांतील चार सनदांच्या नकला करून घेतल्या व बाकीचें ‘पुढील खेपेस पाहूं’ म्हणून ठेविलें. पुढील खेपेस गेलों तेव्हां तो रुमाल रद्दीच्या भावानें विकला गेला होता. त्यांत काय होतें हें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं. वरच्या बंदावर मोडींत ‘बंदिवानांचा शिधा’ अशीं अक्षरें होतीं, एवढें स्मरतें.

हा लेख त्या चुकीचें अल्पसें प्रायश्चित्त होय. मराठेशाहींत माणूस बंदींत पडला म्हणजे पुढें त्याचें, त्याच्या घराचें व त्यास बंदींत ठेवणाऱ्या दौलतीचें काय होई, हा आमचा प्रश्न. नामांकित कैद्यांच्या हकीकती बखरींत, पत्रांत व ग्रँट डफच्या इतिहासांत विखुरलेल्या आहेत. त्या शेजारीं शेजारीं मांडून पाहिल्या म्हणजे दोन गोष्टी नजरेंत भरतात. पहिली, या कैदेस बहुधा मुदत नाहीं. दुसरी, कैद्यास साक्षी नाहीं. तो डोंगरावर चढला कीं जगाच्या दृष्टीआड झाला. या दुसऱ्या गोष्टीचे परिणाम पहिलीपेक्षांहि दूरवर गेले, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम शब्दांविषयीं थोडें. आज आपण ज्यास तुरुंग म्हणतों तो शब्द ना संस्कृत, ना फारसी. पोर्तुगीज भाषेंतील ‘त्रोंकु’ या शब्दावरून तो आला असें भाषाशास्त्रज्ञ मानितात. त्याचा मूळ अर्थ झाडाचें खोड. त्यावरून अपराध्याचे पाय अडकविण्याचा ओंडका. व त्यावरून बंदिशाळा. मौज अशी कीं आपल्याकडील खोडा हा शब्दहि खोडावरून त्याच वाटेनें आलेला दिसतो. कैद अरबी, बंद फारसी. मराठी कागदांत मात्र पुष्कळदां यांपैकीं एकहि शब्द येत नाहीं. अमक्यास ‘किल्ल्यावर ठेविलें’ एवढेंच येतें. स्थळाचें नांव हेंच शिक्षेचें नांव झालें होतें.

धर्मशास्त्रकारांनीं बंदिवासास दंडांत मोठें स्थान दिलेलें नाहीं. मनूचे चार दंड म्हणजे वाग्दंड, धिग्दंड, धनदंड व वधदंड. त्यांत कारागृह नाहीं. त्याच आठव्या अध्यायांत पुढें अधार्मिकास आवरण्याचे उपाय सांगतांना निरोधन, बंधन व वध अशीं तीन नांवें येतात. म्हणजे बंधन हा आवरण्याचा उपाय. तें शिक्षेचें माप नव्हे. बंदिशाळा कोठें असाव्या हें नवव्या अध्यायांत आहे: राजमार्गावर, जेथें दुःखी व विद्रूप झालेले अपराधी येणाऱ्या-जाणाऱ्यांस दिसतील. पूर्वीं आम्ही हें वचन निव्वळ कठोरपणाचा मासला समजत असूं. लोकांस दहशत बसावी हा त्यांतील हेतु उघडच आहे. परंतु दिसणाऱ्या कैद्याचा आणखीहि एक उपयोग असतो, तो पुढें येईल.

कौटिल्य अधिक व्यवहारी. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ मध्यें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें तेव्हां त्याचें या विषयावरील म्हणणें सर्वांस उपलब्ध झालें. नागरिकाच्या प्रकरणांत तो सांगतो कीं, बाल, वृद्ध, व्याधित व अनाथ अशा बंदिवानांस राजाच्या जन्मनक्षत्राच्या दिवशीं व पौर्णिमेस सोडावें; नवा देश जिंकला, युवराजास अभिषेक झाला किंवा राजास पुत्र झाला तर बंधमोक्ष करावा; आणि दररोज किंवा दर पांच रात्रींनीं बंदिशाळेचें विशोधन करावें, म्हणजे काम करवून, देहदंड देऊन अथवा धन घेऊन कैदी निकालांत काढावे. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत तर अभिषेकापासून सव्वीस वर्षांच्या अवधींत पंचवीस वेळां बंधमोक्ष केल्याचा उल्लेख आहे. ग्रंथांतलें सारें अमलांत होतें असें मानण्याचें कारण नाहीं. तथापि आंत घातलेल्या माणसाचा पुन्हां विचार करावयाचा असतो, ही कल्पना या देशांत जुनी आहे एवढें यावरून निश्चित होतें.

मराठेशाहींतील साधा न्याय पुष्कळसा धनदंडावर चालत असे. त्या काळच्या कागदांत ‘गुन्हेगारी’ याचा अर्थ दंडाची रक्कम असा आहे. नव्या वाचकांनीं येथें फसूं नये. वसुलीसाठीं दारांत मोहसल बसवीत व त्याचा पोटखर्च त्याच घरावर टाकीत. म्हणजे माणूस स्वतःच्या घरांत अर्धा कैदी होई. हाजीरजामीन व फैलजामीन देऊं शके तो सुटे. ज्यास जामीन मिळेना व गुन्हेगारी भरवेना तो अटकेंत राही. कैदेची लांबी न्यायाधीशाच्या तोंडून न ठरतां घरच्या ऐपतीवर ठरे.

दरोडा, खून, फितवा, सरकारी पैशाचा अपहार अशा प्रकरणीं माणूस किल्ल्यावर जाई. किल्ला बंदिशाळा म्हणून कोणीं बांधला नव्हता. पण तट होता, कडा होता, सूर्यास्तास दरवाजा बंद होत होता, शिबंदी आयती होती, सबनीस-कारखानिसांचा हिशेब चालूच होता. निराळी इमारत नको, निराळा अधिकारी नको. आणि म्हणूनच कैद्यासाठीं निराळा नियमहि झाला नाहीं. हवालदार भला असला तर कैदी तगे, नसला तर मरे. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत डोंगरी किल्ल्यांवरील कैदेचें जें वर्णन केलें आहे तें भयंकर आहे: अपुरें व निकृष्ट अन्न, कोंदट कोठडी, व तींत झिजत झिजत येणारें मरण. जिंकणाऱ्याचा अहवाल म्हणून त्यांतून कांहीं वजा करावें हें खरें. पण सह्याद्रीच्या माथ्यावर ज्यानें एक आषाढ काढला आहे त्यास फारसें वजा करवणार नाहीं. रायगड, प्रतापगड, वासोटा येथें पावसाळाभर भिंती पाझरतात, धुकें घरांत शिरतें व सरपण पेटत नाहीं.

स्त्रियांची गत याहून निराळी. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींत सिंदळकीच्या आरोपावरून किल्ल्यावर धाडलेल्या बायकांच्या नोंदी आहेत. कोठीचें दळणकांडण त्यांच्या माथीं येई, व त्यांतील कित्येक सरकारच्या कुणबिणी म्हणून गणल्या जाऊन देण्याघेण्याचा जिन्नस होत. पुरुषास बेडी तुटण्याची निदान आशा असे. बटीक झालेल्या बाईस घरानें टाकलेलें, जातीनें वर्ज्य केलेलें. तिनें सुटून जावें कोठें? बखरकार या बायकांविषयीं बहुधा मुकेच आहेत. त्यांचा शोध लागलाच तर कोठीच्या हिशेबांत लागेल, आणि तोच कागद आपण माळ्यावर टाकतों.

शहरांतील कोंडवाडा व डोंगरावरील कोठडी यांतला भेद १७९१ च्या एका प्रसंगानें स्पष्ट होतो. घाशीराम कोतवालानें पुण्यांत तेलंगी ब्राह्मणांस एका लहानशा जागेंत कोंडलें, व वीसाहून अधिक ब्राह्मण आंत गुदमरून मेले. हें क्रौर्य किल्ल्यांवरील क्रौर्याहून अधिक होतें असें नाहीं. पण तें शहरांत झालें. मानाजी फांकड्यानें कुलूप तोडून उरलेल्यांस बाहेर काढलें, जमाव जमला, आणि नाना फडणिसांस आपल्याच कोतवालास लोकांच्या हवालीं करावें लागलें. लोकांनीं त्यास दगडांनीं ठेचून मारिलें. त्या न्यायाची आम्ही प्रशंसा करीत नाहीं. एवढेंच दाखवितों कीं, पुण्याच्या पेठेंतील आक्रोश ऐकूं आला. रायगडावरचा येता ना.

आतां दृष्टीआड होण्याचे परिणाम पाहूं. १७६१ मध्यें सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण त्यांच्या मृत्यूविषयीं संशय राहिला, व पार्वतीबाईंनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. पुढें सुखलाल नांवाचा एक कनोजा ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहिला. पुण्यांत चौकशी होऊन तो तोतया ठरला. थोरल्या माधवरावांच्या अमदानींत त्यास ठार न करितां किल्ल्यावर ठेविलें. तो पुण्याच्या चव्हाट्यावर बेडीसह दिसत राहता तर दोनचार वर्षांत पोरेंसुद्धां त्यास कंटाळलीं असतीं. पण तो रत्नागिरीच्या किल्ल्यांत दिसेनासा झाला, आणि दिसेनाशा माणसाभोंवतीं जें जमतें तें जमलें. १७७६ मध्यें तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेंच त्यास बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून पुढें केलें. कोंकणांतील किल्ल्यामागून किल्ला त्याच्या हातीं गेला. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांस फौजा घेऊन जावें लागलें. रघूजी आंग्र्यानें त्यास धरलें. व त्या वर्षाच्या अखेरीस पुण्यास त्याचा शिरच्छेद नव्हे, त्याहून हलका मृत्यु त्याच्या वांट्यास आला. एका कैद्यास लपवून ठेवण्याची ही किंमत.

सातारच्या गादीवरहि हाच खेळ झाला. १७५० मध्यें ताराबाईंनीं खुद्द रामराजासच सातारच्या किल्ल्यांत अटकेंत ठेविलें, व हा आपला नातूच नव्हे असें त्याजविषयीं उठविलें. राज्याचा धनी आपल्याच किल्ल्यावर बंदी, आणि तो खरा कीं खोटा हें पाहण्यास रयतेस डोळा नाहीं! पुढें याच घराण्यांतील चतुरसिंग भोसल्यास त्रिंबकजी डेंगळ्यानें १८१२ मध्यें विश्वासघातानें पकडून कांगोरीच्या किल्ल्यावर घातलें. तेथेंच १८१८ मध्यें तो वारला. पण तो कांगोरीवर बसला असतां दुसराच कोणी त्याचें नांव धारण करून मुलूख लुटीत होता, असें ग्रँट डफ लिहितो. कैदेनें माणूस आवरला. त्याचें नांव मोकळें सुटलें.

या कैद्यांपैकीं आमचें मन सर्वांत अधिक गुंततें तें सखारामबापू बोकिलाच्या ठायीं. बारभाईंच्या कारस्थानांतील हा मुरब्बी मुत्सद्दी १७७९ मध्यें नानांच्या कैदेंत पडला. सिंहगड, मग प्रतापगड, मग रायगड अशा त्याच्या बदल्या झाल्या, व १७८१ मध्यें रायगडावर त्याचा अंत झाला. अफझलखानास जाळ्यांत आणणारा पंताजी गोपीनाथ हा याच बोकील घराण्याचा पूर्वज. ज्या जागीं त्यानें ती कामगिरी केली ती प्रतापगडावरून दिसते, हा योगायोग ग्रँट डफच्याहि लक्षांत आला आहे. बापूनें त्या कोठडींतून खालीं पाहिलें तेव्हां त्याच्या मनांत काय आलें असेल याचा तर्क करणें हें इतिहासाचें काम नव्हे. पण वारंवार जागा बदलण्यांतील कावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. कैदी एका ठिकाणीं राहिला कीं पहारेकऱ्यांशीं त्याची ओळख होते, निरोप चालूं लागतात. म्हणून त्यास हलवीत राहावयाचें. आप्तांस तो कोठें आहे हेंहि मग निश्चित कळत नाहीं. जिवंत आहे कीं मेला हें ठाऊक नसतां घरानें सण करावा कीं श्राद्ध?

हा काव्याचा भाग नाना पुरता जाणत असावे, तरी तेहि फसले. राघोबादादांचे पुत्र बाजीराव, चिमाजी व अमृतराव यांस १७९४ मध्यें शिवनेरीवर आणून ठेविलें. तेथील पहाऱ्यावरच्या बळवंतराव नागनाथानेंच बाजीरावाचे निरोप सवाई माधवरावांकडे पोंचविले. प्रकरण उघडकीस येऊन बळवंतरावासच किल्ल्यावर घातलें, व १७९५ मध्यें सवाई माधवरावांचा दुर्दैवी अंत झाला. कैद ही पहारेकऱ्याचीहि परीक्षा असते. किल्ल्यावरचा एकटा अधिकारी, त्याच्या हातीं एक मौल्यवान माणूस, आणि विचारणारें कोणी नाहीं. परांजप्यानें जें केलें व बळवंतरावानें जें केलें त्याचें बीज येथें आहे. नगरचा किल्ला तर या बाबतींत विलक्षणच. नानांनीं १७७८ मध्यें आपले चुलतबंधु मोरोबादादा यांस तेथें टाकलें. १७९७ च्या अखेरच्या दिवशीं शिंद्यांच्या लोकांनीं नानांस पकडलें व त्यांचीहि रवानगी त्याच किल्ल्यांत झाली. (१९४२ मध्यें नेहरूप्रभृति पुढारी ठेविले गेले तोहि हाच भुईकोट.)

बंदिवासानें माणसाचें मन कसें घडतें याचे दोन राजस नमुने आपल्या इतिहासांत आहेत. शाहू १६८९ मध्यें रायगडावर मोंगलांच्या हातीं सांपडला व १७०७ मध्यें सुटला; सातव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंतचीं अठरा वर्षें. दुसरा बाजीराव १७७५ मध्यें जन्मला तोच पित्याच्या पळापळींत, व त्याचें बाळपण व तारुण्याचा आरंभ नजरकैदेंत गेला. एक बाहेर येऊन शत्रूंस क्षमा करणारा, माणसें ओळखून त्यांवर दौलत सोंपविणारा राजा झाला. दुसरा गोड बोलणारा, शास्त्रांत व्युत्पन्न, आणि कोणावरहि विश्वास न ठेवणारा. स्वभावभेद, काळभेद, सल्लागारभेद हें सर्व मान्य करूनहि एक फरक उरतो. शाहू बादशाही छावणींत होता. तेथें येसूबाई जवळ होत्या, औरंगजेबाची कन्या झीनतुन्निसा त्याची काळजी वाही, त्यास राजा हा किताब व मनसब होती. त्याचें कोण बरें करतो, कोण वाईट करतो हें हजारों डोळे पाहत होते. बाजीरावानें पाहिलें तें बंद दरवाजा, चोरून जाणारी चिठी, व चिठी नेणाऱ्याचा झालेला शेवट. एवढ्यावरून सिद्धांत बांधणें धाडसाचें होईल हें आम्ही जाणतों. परंतु दुसऱ्या बाजीरावास शिव्या देण्याची जी रीत आपल्या इतिहासलेखनांत पडली आहे, तींत शिवनेरीचा हिशेब कोणी धरीत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

शाहूच्या सुटकेनेंहि ती कैद संपली नव्हती. येसूबाई ओलीस राहिल्या, त्या १७१९ पर्यंत. पुरीं तीस वर्षें. राजाची माता शत्रूच्या हातीं असतां त्या बारा वर्षांत सातारच्या राजकारणाचा हात किती आंखडला असेल, याचा स्वतंत्र विचार व्हावयास पाहिजे. बाळाजी विश्वनाथाच्या दिल्लीच्या स्वारीचें फळ सांगतांना आपण चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मोजतों व त्या माउलीस शेवटीं एका वाक्यांत आणतों.

१८१८ नंतर इंग्रजांनीं कैदेस मुदत लाविली. १८२७ च्या कायद्यांत, म्हणजे एल्फिन्स्टनच्या संहितेंत, अपराध व शिक्षा यांचें कोष्टक आलें. हा लाभ मोठाच. त्यांनीं कैद्यांस बेड्यांसह रस्त्यांच्या कामासहि लाविलें, तेव्हां मनूचें वचन नकळत खरें झालें. पुढें १८३८ च्या तुरुंगविषयक समितीनें ती चाल निषिद्ध मानिली व कैदी पुन्हां भिंतीआड गेले. प्रतापगडाच्या शेजारीं महाबळेश्वरास मलाक्केच्या सामुद्रधुनीकडून आणलेले चिनी व मलायी कैदी ठेविले होते. त्यांनीं तेथें भाजीपाल्याचे मळे पिकविले. १८६४ मध्यें तो तुरुंग उठल्यावरहि त्यांतील कांहीं तेथेंच राहिले. बापूच्या कोठडीपासून कांहीं कोसांवर कैदी बाजारांत बटाटे विकतो, हें चित्र आम्हांस मनोरम वाटतें.

मुदतीवांचूनची कैद मात्र त्या कायद्यानें नाहींशी झाली नाहीं. ती न्यायालयाच्या पायरीच्या अलीकडे सरकली. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं, व त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. यांतले पुष्कळ जामीन भरवत नाहीं म्हणून आंत असतात, हें वकिलांस विचारावें. फैलजामिनाची जुनी अडचण तीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेंत, फांशी व जन्मठेपेचे गुन्हे वगळून, पहिल्यानेंच आरोप आलेल्या कच्च्या कैद्यास कमाल मुदतीची एक तृतीयांश लोटल्यावर सोडण्याची तरतूद आहे. कौटिल्याच्या विशोधनाशीं तिचें नातें संस्कृतज्ञांस सहज दिसेल. पांच रात्री व एक तृतीयांश यांत अंतर आहे, तेंहि दिसेल.

आतां संग्राहक मित्रांस विनंति. ज्यांच्या घरीं किल्ल्यांच्या सबनिशीचे अथवा कोठीचे कागद असतील त्यांनीं ते निवडतांना बंदिवानाची नोंद आढळली कीं तिची नक्कल करावी: नांव, गांव, आरोप लिहिला असल्यास तो, किल्ल्यावर आल्याची तिथि, शिधा किती, बेडी होती कीं नव्हती, व नोंद बंद झाली ती कोणत्या शब्दानें. हा शेवटचा शब्द विशेष जपावा. ‘सोडिला’, ‘मयत’, ‘पळाला’, कीं नुसतेंच पुढील सालच्या यादींतून नांव गळालें, यावर सारा अर्थ आहे. मोडी लागत नसेल त्यांनीं रुमाल न सोडतां मंडळाकडे कळवावें. डोळे अजून चालतात तोंवर आम्ही स्वतः येऊन वाचून देऊं. मात्र पुढील खेपेस पाहूं असें आम्ही यापुढें म्हणणार नाहीं.